टेलस्टार हा कंपनीचा संघ नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नेदरलँड्समधील टेलस्टार या फुटबॉल संघाने २०२५ मध्ये विलेम ट्वे संघाला हरवून ४७ वर्षांनी तिथल्या अव्वल साखळीत पुन्हा पाऊल ठेवले, तेव्हापासून आपल्याकडचे अनेक फुटबॉलप्रेमी त्याला सरसकट 'टाटांचा संघ' म्हणतात. त्यांचे कौतुक मनापासूनचे असले तरी माहिती चुकीची आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

वेल्सन या एकाच नगरपालिकेच्या हद्दीत पूर्वी दोन व्यावसायिक संघ होते: आयमाउडन बंदराचा स्टॉर्मव्होगेल्स आणि १९३८ मध्ये राष्ट्रीय चषक जिंकलेला व्हीएसव्ही. हाडवैर असलेल्या या दोघांनी १९६३ मध्ये आपले व्यावसायिक संघ एकत्र केले आणि नाव घेतले ते आदल्याच वर्षी अटलांटिकपलीकडे दूरचित्रवाणीची चित्रे पोहोचवणाऱ्या टेलस्टार उपग्रहाचे. कोणालाच कमीपणा येऊ न देणारा याहून शहाणा तोडगा मला तरी सुचत नाही. पुढे २००१ ते २००९ या काळात स्टॉर्मव्होगेल्स टेलस्टार असे जोडनाव लागले, पण तेही टिकले नाही.

पोलाद उद्योगातील नोकरीनिमित्त २०१२ मध्ये आयमाउडनला गेलो असता एका शुक्रवारी रात्री मी त्यांचा सामना पाहिला. मैदान इतके लहान, की गोलरक्षकाने बचावपटूंना दिलेल्या हाका शेवटच्या रांगेत ऐकू येत होत्या. शेजारचे वृद्ध गृहस्थ पांढऱ्या सदऱ्यातल्या खेळाडूंना टाळ्या देत असतानाही मध्येच 'आमचे व्हीएसव्ही' म्हणून गेले. विलीनीकरणाला तेव्हा ४९ वर्षे झाली होती!

त्या काळी मैदानाला टाटा स्टीलचे नाव होते, हे खरे. परंतु ते प्रायोजकाचे नाव होते आणि पुढे बदललेही. टाटांनी कोरस ही ब्रिटिश-डच पोलाद कंपनी घेतली २००७ मध्ये, आणि तिच्याबरोबर आयमाउडनचा १९१८ पासूनचा पोलाद कारखानाही आला. तोवर टेलस्टारने चव्वेचाळीस वर्षे काढली होती, १९७८ मध्ये अव्वल साखळीतून घसरण सोसली होती आणि त्याच हंगामात पुढे नामवंत प्रशिक्षक झालेल्या लुई व्हान गाल यांच्यासारखा खेळाडूही खेळवला होता.

मुंबईशी आयमाउडनचे नाते जरूर सांगावे, कारण ते कारखान्यामुळे खरेच आहे. संघाची ओळख करून देताना मात्र आपल्या क्रीडा पानावर 'वेल्सनचा टेलस्टार' असे छापावे, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे