न्यायालयातल्या डॉक्टरांचाही गौरव व्हावा

महोदय,

ठाणे आणि परिसरातील न्यायालयांत मनोविकारतज्ज्ञ म्हणून वर्षानुवर्षे साक्ष देणाऱ्या एक ज्येष्ठ डॉक्टर नुकत्याच सरकारी सेवेतून निवृत्त झाल्या. शाल-श्रीफळ कार्यालयातच झाले, बाहेर कोणाला पत्ताही लागला नाही. त्यांना न विचारता नाव छापणे योग्य नाही, म्हणून ते देत नाही. येथे फौजदारी वकिली केलेल्यांना नुसते ‘मॅडम’ म्हटले तरी कळेल.

आरोपी मनोरुग्ण असल्याचा मुद्दा निघाला की न्यायालयापुढे दोन प्रश्न येतात. गुन्हा घडला त्या वेळी आपण काय करतो आहोत, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे त्याला कळत होते का? हे पूर्वीचे दंड संहितेचे कलम ८४. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२. आणि दुसरा, आज तो स्वतःचा बचाव करण्याच्या स्थितीत आहे का? त्यासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याची, कलमे ३६७ आणि ३६८ आहेत. भल्याभल्या वकिलांची यात गल्लत होते. मॅडमच्या अहवालात ती कधी झाली नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार अवघड. डॉक्टरांसमोर माणूस येतो तो घटनेनंतर कित्येक महिन्यांनी, तोवर तुरुंगात गोळ्या सुरू होऊन निवलेला. मॅडम जुने केसपेपर मागवत. आईला, बायकोला, शेजाऱ्यांना विचारत: त्या आठवड्यात त्याला झोप लागत होती का, औषध कधी सोडले, घटनेनंतर तो पळाला की तिथेच बसून राहिला, हत्यार लपवले का. वॉर्डातल्या परिचारिकांच्या आणि परिचरांच्या नोंदी त्या बारकाईने वाचत, कारण डॉक्टरांपुढे तासभर सोंग आणता येते, रात्रंदिवस नाही. पोलिसांना अहवाल लगेच हवा असे. मॅडम निरीक्षणासाठी मुदत वाढवून मागत.

मी बचाव पक्षाचा वकील. माझ्या एका अशिलाच्या विरोधात गेलेला त्यांचा अहवाल मला आजही नमुनेदार वाटतो. आजार आहे, पण त्या वेळी समज हरपली होती असे म्हणण्याइतका पुरावा नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले होते. दुसऱ्या एका खून खटल्यात त्यांचे म्हणणे नेमके उलट होते आणि सरकारी वकिलांच्या उलटतपासणीत त्या तसूभरही हलल्या नाहीत. स्किझोफ्रेनियाचे निदान झाले म्हणून कोणी आपोआप सुटत नाही, आणि आरोपी शांतपणे उत्तरे देतो म्हणून तो तेव्हाही भानावर होता असे ठरत नाही, ही दोन्ही वाक्ये मी त्यांच्या तोंडून पिंजऱ्यात ऐकली आहेत, एकाच आवाजात.

अशा रुग्णांचा पाठपुरावा करणारे कोणी नसले की काय होते, त्याचे उदाहरण आसामात आहे. मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि तेजपूरच्या मनोरुग्णालयात ठेवले गेले. १९६७ मध्ये ते बरे असल्याचे डॉक्टरांनी कळवले, तेव्हा त्यांना घरी सोडण्याऐवजी तुरुंगात पाठवले. सुटका झाली २००५ मध्ये. खटला कधी चाललाच नाही. मॅडम बऱ्या झालेल्या कच्च्या कैद्यांबद्दल न्यायालयाला आणि तुरुंगाला पुन्हा पुन्हा पत्रे लिहीत, ती याच धास्तीने. गुन्हा नसलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे, हा सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल पत्रकार शीला बर्से यांच्या याचिकेवर आला, हेही इथे आठवते.

आपल्या शहरात १९०१ सालचे मनोरुग्णालय आहे आणि जुन्या किल्ल्यात मध्यवर्ती कारागृहही आहे. या दोहोंमध्ये पोलीस बंदोबस्तात ये-जा करणाऱ्या माणसांचे काय होते, याची चौकशी शहर क्वचितच करते. त्यांच्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉक्टरांची तर नाहीच.

महापालिकेच्या वर्धापनदिनी, १ ऑक्टोबरला, ‘ठाणे भूषण’ आणि ‘ठाणे गौरव’ पुरस्कार दिले जातात. कलावंत, खेळाडू, समाजसेवक यांच्या यादीत यंदा न्यायवैद्यक मानसोपचारातल्या व्यक्तीचे नाव यावे, अशी माझी निवड समितीला विनंती आहे. जिल्ह्यातल्या वकील संघटनांनीही मॅडमची व्याख्याने ठेवावीत. त्यांचे जुने अहवाल नावे गाळून, न्यायालयाच्या परवानगीने, तरुण डॉक्टरांना आणि कनिष्ठ वकिलांना अभ्यासायला मिळाले तर फार बरे होईल.

– एक निवृत्त वकील, नौपाडा, ठाणे