वर्षभर एकच पट्टा

सांगली

चि. रेवतीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला, कयाकचा फोटोही पाहिला. रंग झकास आहे, मगरीलाही लांबून दिसेल. हवा भरायची नाव मला फारशी रुचत नाही, वाऱ्यात ती आपल्याच मर्जीनं चालते. पण तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटात दुसरी ठेवणार तरी कुठं, हेही खरं. असल्या गोष्टी मोबाइलवर बोटानं टाइप करणं मला जमत नाही, म्हणून हे पत्र.

तुझी यादी वाचली. पवना, मुळशी, भंडारदरा, मग बामणोली, जमलं तर पुढच्या वर्षी अंदमान. दर शनिवार-रविवार नवं पाणी. आणि त्याच मेसेजात खाली विचारलंयस, ‘बाबा, आम्ही पॅडलिंग करणाऱ्यांनी निसर्गासाठी नेमकं काय करायचं?’ मला विचारशील तर तुझी यादीच तुझ्या प्रश्नाच्या आड येतेय.

नव्या जागी गेलेला माणूस जे आहे ते बघतो. जे नाही ते त्याला दिसायचं कारणच नसतं. भंडारदऱ्याला तुला चार पाणकावळे दिसले तर तू त्या चौघांचा फोटो काढशील आणि खूश होऊन परत येशील. या महिन्यात तिथं आणखी काय असायला हवं होतं, हे सांगायला पाण्यावर कोणी बसलेलं नसतं.

मी कृष्णेवर, सांगलीच्या आयर्विन पुलाच्या वरच्या अंगाला, डिग्रजच्या दिशेनं नाव घेऊन जातो. तेवढाच पट्टा, वर्षानुवर्षं. तुझी आई विचारते, तिथलं काय बघायचं राहिलंय? तर उदाहरणादाखल नदी सुरय घे. डोक्यावर काळी टोपी, पिवळीधमक चोच, शेपूट मधून दुभंगलेली. हा पक्षी मार्च ते मे या दिवसांत उघड्या वाळूवर नुसता खळगा करून अंडी घालतो. काडी नाही, गवत नाही. अंडी अशी वाळूच्याच रंगाची की पाय पडेपर्यंत कळत नाहीत. आता वाळूच राहिली नाही. जी होती ती ट्रकांतून गेली आणि स्लॅबांत बसली. सुरय मात्र दिसतो. सूर मारतो, मासा उचलतो, एकदाच आलेल्या पाहुण्याला वाटतं, आहे की! तो जोडीनं कुठं उतरतो, उतरल्यावर टिकतो का उठून जातो, हे सगळा मार्च त्याच्या मागं राहिल्यावर कळतं. त्याला इथं जेवायला मिळतंय, बिऱ्हाड करायला जागा नाही.

पाण्याचंही तसंच. पावसाळा सरला की बंधाऱ्यांना बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, घालतात. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याच्या खांबांना खाचा असतात, त्यांत बरगे सरकवायचे, पाणी अडवायचं, आणि पुन्हा पावसाळ्याच्या तोंडावर काढायचे. त्या पाण्यावर ऊस उभा आहे, हळद उभी आहे, आपल्या नळालाही नदीचंच येतं. तेव्हा बंधारे नकोत असं म्हणणारा मी नाही. पण वल्ह्याला फरक कळतो. पावसाळा ओसरल्या ओसरल्या हात थांबवला की नाव आपसूक हरिपूरकडं सरकते. जानेवारीत थांबवला की नाव थांबतेच, वारा असेल तर उलटी वर जाते. पुलावरून बघणाऱ्याला दोन्ही वेळा नदी भरलेलीच दिसते आणि तो समाधानानं घरी जातो.

या थांबलेल्या पाण्यावर मार्चात पहाटे काय दिसतं ते सांगतो. उजाडायच्या आधी, वारा बिलकुल नसताना, पाण्यावर बारीक पाऊस पडल्यासारखी वलयं उठत असतात. आभाळ कोरडं. नाव अलगद जवळ नेली की दिसतं, मासे वर येऊन तोंड उघडमीट करतायत. बहुतेक चिलापी, मधूनच एखादा मोठा. वल्ह्याचा आवाज झाला तरी खाली जात नाहीत, आणि हेच वाईट लक्षण. दिवसा शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं, रात्री तेही बाकीच्यांसारखं श्वासच घेतं. म्हणून पाण्यात प्राणवायू सगळ्यांत कमी असतो तो पहाटे. त्यात साखरेच्या हंगामात वरून कुठून तरी घाण पाणी सुटलं की ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला वायू खाऊन टाकतात. मग दोन दिवसांनी मेलेले मासे काठाला लागतात, पेपरात फोटो येतो, पंचनामा होतो, नमुने घेतात. तोवर मूळ पाणी मिसळून गेलेलं असतं. त्या पहाटेला जो पाण्यावर असतो त्यालाच ते आधी कळतं. तुझ्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर यातच आहे. एक साधी वही कर. तारीख, वेळ, जागा, पाण्याचा रंग, वास, पक्षी कुठं बसले होते. मोबाइलनं फोटो काढ, त्यावर वेळ येतेच. नक्की केव्हा आणि कुठं हे सांगता आलं तर तक्रारीत दम असतो. नाहीतर ‘नदी घाण झाली आहे’ हे काय, चहाच्या टपरीवरही सगळेच बोलतात.

तुमच्या ग्रुपनं जलपर्णी काढायची मोहीम ठरवलीय असं लिहिलंयस. करा. हात ओले होतील, ओळखी वाढतील. पण तिथं टी-शर्ट वाटून ‘नदी स्वच्छ केली’ असं मात्र लिहू नका. जलपर्णी पोसली जाते ती गावाच्या सांडपाण्यावर आणि शेतातून वाहून आलेल्या खतावर. तिला हवं तसं पाणी मिळालं की दोनेक आठवड्यांत ती दुप्पट होते, तुम्ही रविवारी रविवारी काढून पुरे पडणार आहात का? गावाचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या शेरीनाल्याचं नाव सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ आहे, इतकी वर्षं तो विषय चालू आहे. काठावर उभं राहून जलपर्णी ओढण्यापेक्षा नाल्यांची तोंडं मोजणं जास्त उपयोगाचं, आणि ती पाण्यातूनच नीट मोजता येतात. झाडोऱ्यामागची काठावरून दिसतसुद्धा नाहीत.

आता मगरीचं. तू गमतीनं विचारलंस, ‘तुमच्या नदीत अजून आहेत का?’ आहेत. भिलवडी, औदुंबर, आमणापूरकडं तर लोकांना त्यांची सवयच आहे, डिग्रजच्या बाजूलाही दिसतात. थंडीत सकाळी ऊन पडलं की मळीच्या, म्हणजे काठच्या गाळाच्या जमिनीच्या, उतारावर जबडा उघडा टाकून पडलेली असते. चिडून नव्हे, अंगातली उष्णता सांभाळायला. मी लांबून, पात्राच्या मधून जातो आणि हात पाण्यात सोडत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल त्यांची अंडी घालायची वेळ, तेव्हा त्या काठाला नाव लावायचीच नाही. आम्ही नावेतले लोक मगर दिसली की हरखतो, कारण आम्ही घटकाभरानं घरी जाणार असतो. पाणी उपसायच्या मोटारीच्या पाइपाच्या टोकाचा फूटव्हॉल्व गाळात अडकला म्हणून ज्याला गुडघाभर पाण्यात उतरावं लागतं, तेही पुष्कळदा रात्रीची वीज म्हणून अंधारात, त्याला विचार. मगर 1972 च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे आणि ते योग्यच आहे. पण तिला जपण्याची किंमत तो शेतकरी देतो, मी देत नाही. त्याच्या तोंडावर तिच्या सौंदर्याचं कौतुक करू नये एवढी अक्कल नदीवर फिरणाऱ्याला असावी. मी त्या मळ्यांतल्या लोकांना फोन करतो, आज अमक्या वळणावर बसलीय म्हणून. त्यांना तेवढं पुरतं. मला बदल्यात वांगी मिळतात. कृष्णाकाठची वांगी म्हणजे काय ते तुला सांगायला नको.

बामणोलीला जा, नको म्हणत नाही. शिवसागराचं, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचं, पाणी बघून माणूस वेडा होतो. फक्त एवढं लक्षात ठेव, पलीकडचा काठ कोयना अभयारण्याचा आहे, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथं वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरायचं नाही, तंबू तर नाहीच. आणि स्पीकर नेणारा कोणी ग्रुपमध्ये असेल तर त्याला पुण्यातच ठेवा. धरणाच्या त्या पाण्याखाली लोकांची शेतं-घरं गेलीत, तिथं रात्रभर नाचायची मला तरी लाज वाटेल.

दोन गोष्टी मात्र बाप म्हणून सांगतो, त्यावर चर्चा नको. बंधाऱ्यावरून पाणी पडत असेल तर वरून ते कितीही साधं दिसो, नाव उचलून काठानं न्यायची. पायथ्याशी पाणी उलटं बंधाऱ्याकडंच फिरत राहतं, माणसाला लाइफ जॅकेटसकट धरून ठेवतं. दुसरं, पुरात हौसेनं उतरायचं नाही. आयर्विनजवळ 45 फूट ही धोक्याची पातळी, 2019 च्या ऑगस्टात पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. आपल्याकडं पुरात गुऱ्हाळातली रस उकळायची मोठी काहीलसुद्धा नाव म्हणून लोटतात, पण ती माणसं आणायला, रील करायला नव्हे. शर्यतीत वल्हं मारणारे इथले पट्टीचे गडीसुद्धा तेव्हा घाटावर नुसते बसून राहतात.

मार्चमध्ये एक शनिवार काढून इकडं ये. पहाटे साडेपाचला पाण्यावर असू. तुझी ती रंगीत नाव आणलीस तर पंपाचं नोझल आठवणीनं आण, माझा सायकलचा पंप तिला लागणार नाही. आईनं भडंग करून ठेवलंय. कुरियरवर तिचा विश्वास नाही, तेव्हा ते न्यायला तरी ये.

तुझा,
बाबा