सर, देव बरें करूं

सर, तुमचं नाव इथे टाकत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही हे माहीत आहे. पण आमच्या गोव्यातल्या कुंडईच्या कारखान्याच्या शेडमध्ये तुम्ही जे केलंत ते चार लोकांनी वाचावं असं फार वाटतं, म्हणून हे उघड पत्र.

आमची बुश (भोकात बसणारी छोटी नळी) बसवायची हायड्रॉलिक प्रेस मधूनच एखाद्या सायकलला झटका द्यायची, रॅम, म्हणजे दाबणारा दांडा, ठरल्या जागेच्या पुढे जायचा आणि पीस रिजेक्ट. ज्यांनी लॅबव्ह्यूत (स्क्रीनवर चित्रं वायरींनी जोडून प्रोग्रॅम करायचं सॉफ्टवेअर) मशीनचा प्रोग्रॅम करून दिला त्यांची माणसं आली की पहिला प्रश्न, मशीनवर कोण होता? मी होतो. मग काय, ऑपरेटर घाई करतो, पावसात इथली लाईट अशीच असते, वगैरे वगैरे. शेवटी त्यांनी टाइम्ड लूपची, म्हणजे ठरल्या वेळाने पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या प्रोग्रॅमच्या भागाची, प्रायॉरिटी 100 वरून वाढवली, बिल लावलं आणि गेले. झटका होता तिथेच राहिला आणि मॅनेजरच्या डोक्यात माझं नाव पक्कं बसलं.

तुम्ही आलात तेव्हा सगळे लॅपटॉपभोवती आणि मी लांब उभा. तुम्हीही तेच विचारलंत, मशीन कोण चालवतो? माझ्या पोटात गोळाच आला. पण तुम्ही बाजूची खुर्ची ओढलीत, बस म्हणालात आणि विचारलंत, काही लिहून ठेवलंयस का? सर, झटका कधी आला, तेव्हा काय चालू होतं ते मी वहीत लिहायचो, आधीच्या लोकांपुढेही ती वही धरली होती, कुणी एक पान उलटलं नाही. तुम्ही चष्मा लावून पहिल्या पानापासून ओळीवर बोट ठेवून वाचलीत, माझं अक्षर लागलं नाही तिथे मला विचारलंत. मग रिपोर्टची फाइल सेव्ह होताना जास्त होतं असं लिहिलेल्या ओळीवर थांबलात आणि मॅनेजरसमोर म्हणालात, ह्या मुलाने अर्धं काम करून ठेवलंय. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

पुढचं तुम्ही मला समजेल असं सांगितलंत. लूपच्या एका फेरीला 10 मिलिसेकंद दिलेले आणि त्याच लूपमध्ये प्रेशर वाचणं, व्हॉल्व्हला हुकूम देणं आणि वर फाइल लिहिणंही कोंबलेलं. फाइलला उशीर झाला की फेऱ्या हुकायच्या, सेटिंग असं होतं की हुकलेल्या फेऱ्या लूप नंतर एकामागोमाग एक पळवून भरून काढायचा, आणि हिशेब मात्र दर फेरीला 10 मिलिसेकंद गेले असं धरून, म्हणून तो झटका. प्रायॉरिटी कितीही वाढवा, हळू काम आत बसलेलं असेल तर काय उपयोग! तुम्ही फाइलचं काम वेगळ्या साध्या लूपमध्ये काढलंत, मधे फिफो, म्हणजे आधी आलेली माहिती आधी पुढे देणारी रांग, ठेवलात, हुकलेल्या फेऱ्या सोडून द्यायला लावल्यात, आणि फिनिश्ड लेटची (फेरी उशिरा संपली हे सांगणारी) वायर स्क्रीनवरच्या एका दिव्याला जोडलीत, म्हणजे पुढे उशीर झाला तर तो मशीनच सांगेल, माणसावर ढकलायला नको. ती वायर माझ्या हाताने ओढायला लावलीत.

एवढं येणारी माणसं असतील हो, पण मशीनजवळ आठ तास उभ्या असलेल्या माणसाला आधी विचारायचं, त्याचं खरं निघालं तर ते वरच्यांसमोर बोलून दाखवायचं, हे मी तरी पहिल्यांदा बघितलं. त्याने तुमचं काय कमी झालं? काहीच नाही. आणि माझी मान वर झाली.

आई म्हणते गणेशचवथीला सरांना घरी बोलव, तर नक्की या, वहिनींनाही घेऊन या. आणि फिफो मला अजून नीट कळलेला नाही, एखाद्या रविवारी वेळ असेल तर सांगा, वही घेऊन फोंड्याला येतो.

तुमचा,
प्रेसवरचा मुलगा