भानामतीच्या बातमीत ‘गूढ’ लिहिण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोरीवरचे कपडे पेटतात, पत्र्यावर दगड पडतात, सुनेच्या नाहीतर शाळकरी मुलीच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उमटतात. अशा प्रकारांना भानामती, म्हणजे कोणीतरी केलेली करणी, म्हणतात. मराठवाडा आणि त्याला लागून असलेल्या तेलंगणा-कर्नाटकातून अशा बातम्या अधूनमधून येतच असतात. ‘प्रकार गूढ असल्याने गावात भीतीचे वातावरण’ हा त्यांचा ठरलेला शेवट. हे वाक्य छापून आले की त्या घराचे हाल वाढतात. बघे जमतात, कोणी देवऋषी सुचवतो, कोणी भावकीतल्या एकट्या म्हातारीकडे बोट दाखवतो. म्हणून अशा घरात तपास कसा करावा, हे वाचकांसाठी आणि बातमीदारांसाठीही थोडे सविस्तर लिहीत आहोत.

सुरुवात वहीपासून करावी. शंभर पानी वही पुरते. प्रत्येक प्रकारासाठी एक ओळ: तारीख, वेळ, काय घडले, कुठे घडले, पहिल्यांदा कोणी पाहिले, त्याआधीच्या पंधरा मिनिटांत तिथे कोण होते आणि त्या वेळी घराबाहेर कोण होते. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा. नोंद त्याच दिवशी आणि प्रत्येकाकडून वेगवेगळी घ्यावी. चार जण एकत्र बसून बोलले की सगळ्यांची आठवण एकसारखी होते, मग ‘सगळ्यांनीच पाहिले’ असे ऐकू येते. एकेकट्याला विचारले तर बहुतेकांनी पाहिलेले असते ते जळालेले कापड. ते पेटताना कोणी पाहिलेले नसते. दहा-बारा ओळी झाल्या की वही बोलू लागते. कोणी शेतावर गेले त्या दिवशी काहीच झाले नाही, कोणी माहेरी गेली ते चार दिवस शांत गेले, हे डोळ्यांपुढे येते.

आगीचे प्रकार सर्वांत धोक्याचे, म्हणून कारण कळण्याआधीच दारात पाण्याच्या दोन बादल्या आणि वाळूचे घमेले ठेवावे. काडेपेट्या, रॉकेल, अगरबत्त्या एका पेटीत कुलूपबंद कराव्यात आणि किल्ली घराबाहेरच्या विश्वासू माणसाकडे द्यावी. सुती कापड आपोआप पेटायला सुमारे ४०० अंश सेल्सिअस तापमान लागते, मे महिन्यातले ऊन पंचेचाळीसच्या आसपासच थांबते. तेव्हा उष्णता कुठून तरी आलेली असणार. आधी साधी कारणे तपासावीत: उंदराने कुरतडलेली वायर, जवसाचे तेल किंवा ऑइलपेंट लागलेल्या फडक्यांचा ढीग (हा ढीग खरोखरच आतल्या आत तापून पेटू शकतो), उन्हात ठेवलेला भिंगासारखा आरसा. यातले काही नसेल तर राख झटकू नये. कापडाच्या घडीत, कपाटाच्या फळीवर, गादीखाली अगरबत्तीची काडी किंवा आगकाडीचे टोक सापडते का, ते पाहावे. साधी अगरबत्ती पाऊण तासापर्यंत जळत राहते. तेवढ्या वेळात ती ठेवणारे माणूस अंगणात सगळ्यांबरोबर बसलेले असू शकते आणि ‘ती तर आमच्यासमोरच होती’ हा घरच्यांचा सर्वांत मोठा पुरावा तिथेच कोसळतो.

दुसरा मार्ग रसायनांचा. विहिरीत टाकायचे जांभळे खडे, म्हणजे पोटॅशियम परमँगनेट, आणि ग्लिसरीन एकत्र आले की काडी न ओढता ज्वाला उठते. पूड बारीक असेल तर लवकर, थंडीत घट्ट झालेले ग्लिसरीन असेल तर बऱ्याच उशिराने. मांत्रिकाचा होम ‘मंत्राने’ पेटतो तोही याच जोडीवर; तूप म्हणून वाहतात ते ग्लिसरीन असते. मागे काळपट तपकिरी डाग उरतो. एखादा न जळलेला कण पांढऱ्या वाटीतल्या पाण्यात टाकला तर जांभळी रेघ खाली उतरते. हा प्रयोग कोणी घरी करून पाहू नये, डोळ्यांना आणि हातांना इजा होते.

दगडांचे कोडे खडूने सुटते. अंगणातले, परसातले, बांधावरचे दगड गोळा करून त्यांवर खडूने किंवा चुन्याने खुणा कराव्यात, प्रत्येक बाजूची खूण वेगळी. रात्री पत्र्यावर पडलेला दगड खुणेचा निघाला की तो कुठून उचलला, हे कळते. आकाशातून येणाऱ्या दगडावर परसातली खूण असत नाही. पण दगडच सापडत नाही, नुसता ‘ठक्’ असा आवाज येतो, अशीही घरे असतात. तिथे कोणावर संशय घेण्याआधी पत्र्याकडे पाहावे. दहा फुटी लोखंडी पत्रा दुपार ते मध्यरात्र या दरम्यान ३० अंशांनी थंड झाला, तर तो सुमारे १ मिलिमीटर आखडतो. खिळ्याशी किंवा नटबोल्टशी अडकलेला तो १ मिलिमीटर एकदम सुटला की ठोका पडतो. सूर्य मावळल्यावर पहिल्या दोन-तीन तासांत हे ठोके जास्त ऐकू येतात, ढगाळ दिवसानंतर कमी. वहीत वेळ लिहिलेली असेल तर हेही त्यातूनच दिसते.

बिब्ब्याच्या फुल्या पाहून लोक सर्वांत जास्त घाबरतात, त्यामुळे त्यांचे कारण नीट समजून घ्यावे. बिब्ब्याच्या टरफलात काळपट, चिकट तेल असते. धोबी कपड्यांवर न पुसणारी खूण करायला तेच वापरत. ते कातडीला लागले त्या क्षणी बहुधा काही कळत नाही. खाज, लाली, फोड पुष्कळदा एक-दोन दिवसांनी येतात. झोपताना अंग स्वच्छ होते आणि उठल्यावर फुली दिसली, याचा अर्थ ती रात्रीच उमटली असा होत नाही. आदल्या दिवशी किंवा परवा बिब्बा लागला असेल. फुल्या कुठे आहेत ते पाहावे. उजव्या हाताने काम करणाऱ्या माणसाच्या डाव्या दंडावर, मांडीवर, पोटावर त्या असतात आणि पाठीच्या मधोमध, जिथे स्वतःचा हात पोचत नाही तिथे नसतात, तेव्हा पुढचे सांगायला नको. फोड फोडू नयेत, साबणाने धुऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा एक बारीक, नारिंगी-काळा किडा अंगावर चिरडला तरी दुसऱ्या दिवशी फटका मारल्यासारखा लांबट फोडांचा पट्टा उठतो. त्याला ‘भुताने मारले’ म्हणतात. तो पट्टा आणि बिब्बा यांत गल्लत करू नये. किड्याच्या फोडांत कोणाचाच हात नसतो.

आता यातला सर्वांत नाजूक भाग. वहीतून एक नाव पुढे येते. ते नाव बहुतेक वेळा घरात ज्याचे कोणी ऐकत नाही अशा माणसाचे असते: शाळा सोडवून घरी बसवलेली मुलगी, लग्न नको असताना ठरवलेली, सासरी छळ सोसणारी सून, दुसऱ्याच्या घरी वाढणारा मुलगा. भानामती सुरू झाली त्याआधीच्या महिनाभरात घरात काय घडले, हा प्रश्न म्हणूनच विचारायचा. बोलणे एकांतात, घाई न करता, मुलगी असेल तर बाईमाणसानेच करावे. ‘तूच केलेस ना’ असे म्हणू नये. ‘हे थांबवायचे आहे, कोणाला कळू देणार नाही’ एवढे सांगावे आणि ते पाळावे. घरच्यांना फक्त ‘आता थांबेल’ असे सांगावे, नाव सांगू नये. नाव फुटले की मारहाण ठरलेली, आणि ज्या दुःखातून हे सुरू झाले ते दुःख दुप्पट होते. बोलण्यातून मुलावर अत्याचार होत असल्याचे निघाले तर १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकावर कळवावे, ते लपवण्याची मुभा कोणालाच नाही. मनावरच्या ताणासाठी १४४१६ हा टेलिमानसचा विनामूल्य क्रमांक २०२२पासून सुरू आहे, त्यावर मराठीत बोलता येते.

या सगळ्याऐवजी मांत्रिक बोलावला की काय होते, तेही लिहायला हवे. तो उंबऱ्याजवळ खणून ‘तीन वर्षांपूर्वी पुरलेली करणी’ काढतो: काळी बाहुली, लिंबू, खिळे. अशा वेळी दोनच गोष्टी पाहाव्यात. लिंबू मातीत एक पावसाळाही टिकत नाही, आणि ओल्या मातीतला खिळा गंजल्यावाचून राहत नाही. लिंबू टणक आणि खिळे चकचकीत असतील तर ते पुरून फार दिवस झालेले नाहीत. पुष्कळदा खणताना बाहीतूनच सुटलेले असतात. लिंबू कापल्यावर ‘रक्त’ येते ते सुरीच्या पात्यावर वाळवलेल्या जास्वंदीच्या रसामुळे. तो रस लिंबाच्या आंबटात लालभडक होतो. आपली सुरी आणि आपल्या घरचे लिंबू पुढे करावे, रक्त येत नाही.

याहून वाईट म्हणजे ‘बाधा’ समजून दवाखाना टाळणे. रात्री जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या जड होऊन मिटू लागतात, बोलणे अडखळते, गिळता येत नाही. अंगावर दंशाची खूण बहुधा दिसत नाही, म्हणून गावात ‘बाहेरचे’ म्हणतात. हा मण्यारचा दंश असू शकतो. तिचे दात बारीक, दंश जवळजवळ न दुखणारा, आणि काही तासांत श्वासाचे स्नायू थांबतात. १०८ला फोन करून, प्रतिविष आणि कृत्रिम श्वासाची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे. उतारा काढण्यात गेलेला अर्धा तास इथे जीव घेतो. तसेच धोतऱ्याचे. धोतऱ्याच्या बिया पोटात गेलेला माणूस हवेत काहीतरी पकडतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडे आणि कातडी गरम, कोरडी, लाल दिसली तर तेही विषबाधेचेच लक्षण समजावे.

झोपेत छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, हात हलत नाही, ओरडता येत नाही, याला मुंजा म्हणतात. स्वप्नांच्या झोपेत शरीर स्नायू सैल सोडते, म्हणून आपण स्वप्नात धावतो तेव्हा खाटेवरून उठून धावत नाही. जाग आधी आणि स्नायू नंतर जागे झाले की काही सेकंद ते एक-दोन मिनिटे ही अवस्था राहते. उताणे झोपणे, रात्रपाळी, अपुरी झोप यांनी ती वाढते. त्या वेळी सगळे अंग हलवण्याची धडपड न करता फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करावा. कुशीवर झोपावे.

महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याबद्दल एक गैरसमज आहे की तो श्रद्धेविरुद्ध आहे. अंधश्रद्धा निर्मूलनाचे काम करणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाल्यावर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. भूत उतरवण्याच्या नावाने साखळीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर उपचारांपासून रोखणे हे त्यात गुन्हे आहेत. अमकी बाई करणी करते, गाई-म्हशींचे दूध आटवते असे पसरवणेही गुन्हाच आहे. शिक्षा ६ महिने ते ७ वर्षे, दंड ५ हजार ते ५० हजार रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमण्याची तरतूदही त्यात आहे. भानामतीच्या बातमीत मांत्रिकाचे म्हणणे चार ओळींत छापण्याऐवजी त्या अधिकाऱ्याला विचारून एक ओळ छापली तरी म्हातारीकडे वळलेली बोटे खाली येतील.

आणखी एक विनंती. ‘गूढ’ म्हणून जी बातमी छापली, तिच्या घरी महिन्याभराने बातमीदाराने पुन्हा जावे. प्रकार थांबलेला असेल तर तेही तितक्याच ठळक जागी छापावे: काय सापडले, कोणत्या पद्धतीने सापडले. त्या दुसऱ्या बातमीत मुलीचे वा सुनेचे नाव, नाते, घराचा फोटो यांतले काहीही देऊ नये. ‘घरातल्या एकाने केले’ हेही लिहू नये, कारण चार माणसांच्या घरात एवढ्यावरूनही गाव ओळखते. करणी नव्हती, आता सगळे ठीक आहे, घरातल्या माणसांबद्दल एवढेच लिहावे.

आपले,
भानामतीच्या प्रकरणांत चौकशीचे काम करणारे काही कार्यकर्ते