दुसऱ्या एमआरआयबद्दल

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, काल फोनवर तुम्ही विचारलंत, "दोनच डोस झाले, लगेच परत एमआरआय कशाला? वाढलं की काय?" आई तिथेच होती, पण काही बोलली नाही. तिचं ते गप्प राहणं मला फार लागलं. म्हणून सगळं नीट लिहिते. आईला वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आईच्या स्तनातली कर्करोगाची गाठ वाढलीय म्हणून हा एमआरआय नाही. औषध लागू पडतंय का, ते बघायला आहे. आधी किमो आणि मग ऑपरेशन असं बांबोळीच्या डॉक्टरांनी ठरवलं, तेव्हाच ही तपासणी त्यात आली. ऑपरेशन आधी झालं असतं तर गाठ निघाली असती, पण हे औषध तिच्यावर चालतं की नाही हे समजायला शरीरात काही उरलं नसतं. आता गाठ जागेवर आहे, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवता येतं.

आणि नुसती लांबी-रुंदी मोजत नाहीत. आई, गेल्या वेळी हाताच्या शिरेतून जे इंजेक्शन दिलं, ते गॅडोलिनियमचं, म्हणजे चित्रात उठून दिसणाऱ्या औषधाचं. गाठीला वाढायला रक्त लागतं, त्यासाठी ती स्वतःपुरत्या नव्या रक्तवाहिन्या काढते. त्या कच्च्या आणि गळक्या असतात. बाबा, कुळागरात कुणी मोठ्या पाटाला मध्येच चर मारला की पाणी भसकन तिकडे वळतं आणि कडांनी झिरपत राहतं, तसं होतं. इंजेक्शनचं औषध गाठीत झटकन शिरतं आणि पुष्कळदा झटकन बाहेरही पडतं, निरोगी भागात ते सावकाश चढतं. इंजेक्शनच्या आधी एकदा आणि नंतर काही मिनिटं एकामागून एक चित्रं घेतात, त्यावरून हा चढ-उतार दिसतो. एवढा जोरदार पुरवठा किती भागाला होतोय, त्याचं घनफळही काढता येतं. किमो लागू पडली की हे घनफळ उतरतं, कधीकधी हाताला गाठ तेवढीच लागत असतानाही.

हे मी इथे पुण्यात मशीनवर रोज बघते, पण माझ्या शब्दावर जाऊ नका. सॅन फ्रान्सिस्कोच्या संशोधक नोला हिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑपरेशनआधी किमो घेणाऱ्या स्त्रियांचे एमआरआय उपचारांच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर केले. औषधाचा परिणाम हाताने तपासून जितका कळतो, त्यापेक्षा एमआरआयवरून चांगला कळतो, असं त्यांनी 2012 मध्ये मांडलं. हे घनफळ आणि आजार पुन्हा न उलटता जाणारा काळ यांचा संबंध आहे, हे 2016 मध्ये दाखवलं. आणखी एक चित्र असतं, त्यात इंजेक्शन लागत नाही. पेशी दाटीवाटीने असल्या की त्यांच्यामधलं पाणी अडतं. पेशी मरू लागल्या की ते मोकळं हलतं, आणि चित्रात तो फरक दिसतो.

आता बाबा, खास तुमच्यासाठी. रिपोर्ट हातात आला की त्यातला एकेक शब्द मोबाईलवर शोधत बसू नका. गाठीभोवती सूज दिसली किंवा इंजेक्शनचं औषध फक्त कडेला जास्त चढलेलं दिसलं, तर अशा गाठी बऱ्याचदा जरा आक्रमक निघतात, हे खरं. पण तेवढ्यावरून आईचं पुढचं कुणी सांगत नाही. बायोप्सीतली ग्रेड (पेशी किती बिघडल्यात ते), ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या पेशींच्या चाचण्या, काखेतल्या गाठी, सगळं एकत्र ठेवून डॉक्टर अंदाज बांधतात. एमआरआय त्यात भर घालतो, त्यांची जागा घेत नाही. म्हणूनच पुढे कधी रिपोर्टमध्ये "गाठ दिसत नाही" असं आलं, तरी ऑपरेशन टळणार नाही. बारीक अंश एमआरआयला न दिसता राहू शकतो. काढलेला भाग सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तेव्हाच खरं कळतं. तिथेही कर्करोग उरलेला दिसला नाही, तर पुढचा काळ चांगला जाण्याची शक्यता पुष्कळ वाढते. आपल्याला तिथवर पोचायचं आहे.

मावशीने विचारलं, तिच्या जावेचं याच आजाराचं ऑपरेशन ठरलंय, तिनेही एमआरआय करून घ्यावा का. सरसकट नको. ब्रिटनमध्ये 1,623 स्त्रियांवर हे पडताळून पाहिलं होतं. 2010 मध्ये निकाल आला, की ऑपरेशनआधी सगळ्यांना एमआरआय केल्याने दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण कमी झालं नाही. तिच्या डॉक्टरांना गरज वाटली तर ते सांगतीलच.

आई, मशीनमध्ये पालथं झोपून त्या आवाजात अर्धा-पाऊण तास न हलता राहणं तुझ्या पाठीला किती जड जातं, ते मला माहीत आहे. झोपवतानाच सांग, पोटाखाली आणि पायाखाली उशी नीट करून देतात. आवाजासाठी कानात घालायला मागून घे. हातात रबरी फुगा देतील, काही झालं तर तो दाब, भिडेखातर सोसत राहू नकोस. मंगळसूत्र, बांगड्या, चमकी घरीच काढून ठेव. सोनं चुंबकाला चिकटत नाही, पण त्याने चित्र बिघडतं आणि धातू तापू शकतो. गेल्या वेळी इंजेक्शननंतर मळमळलं होतं, तेही आधीच सांग.

बाबा, क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या कामाचा) रक्ताचा रिपोर्ट, पहिल्या एमआरआयची सीडी आणि दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड एका पिशवीत घालून ठेवा. शक्यतो त्याच मशीनवर करा, म्हणजे जुनं आणि नवं चित्र शेजारी ठेवून बघता येतं. तारीख मिळाली की लगेच कळवा. मला रजा मिळणार आहे, मी आदल्या रात्रीच्या बसने फोंड्याला येते. चवथीच्या तयारीला आईने हात लावायचा नाही, गणपतीच्या वर बांधायच्या माटोळीचं सामान मी आणि दादा आणतो.

तुमची,
ताई