फंडाच्या पेन्शनसाठी दोन मागण्या वेगळ्या मांडा

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

ईपीएस-९५ ची, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाशी जोडलेल्या १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेची, किमान पेन्शन महिना साडेसात हजार रुपये करावी, तिला महागाई भत्ता जोडावा आणि नवरा-बायकोला मोफत औषधोपचार मिळावेत, ही मागणी कोल्हापूर जिल्ह्यातले साखर कारखान्यांचे, फाउंड्र्यांचे, गिरण्यांचे निवृत्त कामगार कित्येक वर्षे करत आहेत. मागणी न्याय्य आहे. तिच्या बाजूने अमेरिकेचा एक दाखलाही देता येतो. पण तो अर्धवट दिला तर सरकारच्या हाती आयते उत्तर जाईल. म्हणून तिथे नेमके काय झाले आणि आपल्याकडे काय मागायला हवे, ते हिशेबासकट मांडत आहोत.

अमेरिकेत ट्रकचालक, बांधकाम मजूर, खाणकामगार, छापखान्यातले कामगार यांच्यासाठी अनेक मालकांनी मिळून चालवलेल्या सामायिक पेन्शन योजना आहेत. कामगाराने मालक बदलला तरी त्याची सेवा त्याच योजनेत मोजली जाते. १९८० मध्ये तिथल्या ट्रक वाहतुकीवरची सरकारी बंधने उठली, जुन्या कंपन्या एकेक करून बंद पडल्या, आणि त्यांच्या कामगारांची पेन्शन उरलेल्या मालकांच्या वर्गणीवर आली. भिशीतले निम्मे सभासद मध्येच उठून गेले आणि बाकीच्यांनी सगळ्यांची पाळी भागवायची, अशी ती अवस्था होती. सोडून जाणाऱ्या मालकाने तुटीतला आपला वाटा भरलाच पाहिजे, असा कायदा १९८० मध्ये झाला खरा. पण दिवाळे निघालेल्या कंपनीकडून वसूल काय होणार? त्यात २००८ ची बाजारातली पडझड आली.

ट्रकचालकांच्या सर्वांत मोठ्या फंडांपैकी एक म्हणजे सेंट्रल स्टेट्स. त्यात साडेतीन लाखांहून जास्त सभासद. २०१४ च्या कायद्याने अशा फंडांना चालू पेन्शन कापायची मुभा दिली. सेंट्रल स्टेट्सचा कपातीचा प्रस्ताव २०१६ मध्ये तिथल्या अर्थखात्याने फेटाळला, पण दुसऱ्या काही फंडांत कपात प्रत्यक्ष झाली. पेन्शनची हमी देणारे तिथले सरकारी महामंडळ, पेन्शन बेनिफिट गॅरंटी कॉर्पोरेशन, याची सामायिक योजनांसाठीची तिजोरी २०२६ च्या सुमारास रिकामी होईल असा अंदाज होता. शिवाय ती हमीही तुटपुंजी. तीस वर्षे सेवा झालेल्याला वर्षाला जास्तीत जास्त १२,८७० डॉलर.

मग ११ मार्च २०२१ च्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅन कायद्याने विशेष आर्थिक मदतीची तरतूद केली. तिची रचना आपल्या उपयोगाची आहे. मदत एकरकमी असते, परत फेडायची नसते, आणि ती कामगारांच्या किंवा मालकांच्या हप्त्यातून न काढता थेट सरकारी खजिन्यातून येते. रक्कम ठरते ती अशी: २०५१ पर्यंत द्यायची सगळी पेन्शन आणि खर्च धरायचा, त्यातून हातातला पैसा, येणारी वर्गणी आणि अपेक्षित व्याज वजा करायचे, उरेल ती तूट द्यायची. अर्ज पेन्शनधारकाने करायचा नसतो, फंडाच्या विश्वस्तांनी विमागणितज्ज्ञाच्या आकडेमोडीसह करायचा. आलेला पैसा वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, आणि त्यातला जास्तीत जास्त ३३ टक्केच शेअरसारख्या जोखमीच्या ठिकाणी गुंतवता येतो. बाकी उत्तम पत असलेल्या रोख्यांत. ज्यांची पेन्शन आधी कापली होती त्यांना ती पूर्ववत करून मागची थकबाकीही द्यावी लागते, एकदम किंवा पाच वर्षांच्या हप्त्यांनी. डिसेंबर २०२२ मध्ये एकट्या सेंट्रल स्टेट्सला ३,५८० कोटी डॉलर मंजूर झाले.

यात एक मोठी चूकही झाली. सेंट्रल स्टेट्सच्या अर्जातल्या यादीत ३,४७९ मृत सभासद जिवंत धरले गेले होते. सरकारकडच्या मृत्यूंच्या पूर्ण नोंदीशी यादी आधी ताडून पाहिली नव्हती. त्यामुळे सुमारे १२.७ कोटी डॉलर जास्त दिले गेले आणि २०२४ मध्ये ते परत घ्यावे लागले. सरकारी मदत मागणाऱ्याची सभासदांची यादी साफ नसेल, तर विरोधकांना तेवढेच पुरते.

आता मुद्दा असा की या मदतीने अमेरिकेतल्या कोणाचीही पेन्शन कबूल रकमेच्या वर गेलेली नाही. उलट मदत घेतलेल्या फंडाला पेन्शन वाढवण्यावर बंधने आहेत. तिथे कबूल केलेले वाचवले. आपल्याकडे कबूल केलेलेच मुळात फार कमी आहे. म्हणून ‘अमेरिकेने दिले, आम्हालाही साडेसात हजार द्या’ एवढेच म्हटले तर तुलना जुळत नाही. आपल्या दोन मागण्या आहेत आणि त्या वेगळ्या मांडायला हव्यात: फंडातली तूट भरणे, आणि किमान पेन्शन वाढवणे. पहिलीला एकरकमी पैसा लागतो, दुसरीला दरवर्षी.

ईपीएस-९५ हीसुद्धा देशभरातल्या मालकांची एकच सामायिक योजना आहे, १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची. मालक पगाराच्या १२ टक्के वर्गणी भरतो, त्यातले पगाराचे ८.३३ टक्के पेन्शनला जातात, केंद्र सरकार पगाराच्या १.१६ टक्के घालते. पण पेन्शनचे हे पैसे सरकारने ठरवलेल्या पगाराच्या मर्यादेपर्यंतच मोजतात. मर्यादा आधी ५,०००, जून २००१ पासून ६,५००, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे आजही पेन्शन खात्यात मालकाकडून महिन्याला फार तर १,२५० आणि सरकारकडून १७४ रुपये पडतात. पगार तीस हजार असला तरी तेवढेच.

पेन्शनचे सूत्र म्हणजे पेन्शनपात्र पगार (वरच्या मर्यादेपर्यंतच धरलेला) गुणिले सेवेची वर्षे भागिले ७०. शिरोलीच्या एखाद्या फाउंड्रीत नोव्हेंबर १९९५ मध्ये योजना सुरू होताच लागून सप्टेंबर २०२५ ला अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त झालेला मोल्डर घ्या. पगार कायम मर्यादेच्या वर. २०१४ पर्यंतची सुमारे १९ वर्षे ६,५०० वर मोजतात, म्हणजे १,७६४ रुपये. पुढची ११ वर्षे १५,००० वर, म्हणजे २,३५७. बेरीज ४,१२१. वीस वर्षांहून जास्त सेवेबद्दल दोन वर्षांचा बोनस मिळतो, त्याने थोडी भर पडते. तीस वर्षे भट्टीसमोर उभा राहिलेल्या माणसाची, एक दिवसही खाडा नसताना, ही पेन्शन. आणि २०१४ च्या आधी निवृत्त झालेल्यांना १५,००० च्या मर्यादेचा स्पर्शच नाही.

सर्वांत मोठा अन्याय १९९५ पूर्वीच्या सेवेवर आहे. त्या काळाची पेन्शन सूत्राने निघत नाही, ठरावीक रकमेने निघते. ११ वर्षांपर्यंत ८० किंवा ८५ रुपये, आणि २० वर्षांहून जास्त सेवेला १५० किंवा १७० रुपये, पगार अडीच हजारांच्या आत की वर यानुसार. या रकमेला कोष्टकातल्या गुणकाने गुणतात, एवढेच. शाहू मिलसारख्या गिरणीतल्या ज्या कामगारांची उमेदीची वर्षे १९९५ च्या आधी गेली, त्यांची पेन्शन इतकी कमी का, याचे कारण हे कोष्टक आहे. २०१४ पासून किमान १,००० रुपयांची तळरेषा आली आणि तिच्यासाठी सरकार अंदाजपत्रकातून वेगळे पैसे देते. म्हणजे किमान पेन्शनसाठी खजिन्यातून पैसा देण्याचे तत्त्व सरकारने मान्य केलेलेच आहे. वाद फक्त रकमेचा आहे, आणि हे आपण ठासून सांगायला हवे.

रकमेचा हिशेब सोपा आहे. ईपीएसचे पेन्शनधारक सुमारे ७८ लाख. सगळ्यांना सध्या हजारच मिळतात असे धरले तर साडेसात हजारांसाठी वर्षाला कमाल ६०,८४० कोटी रुपये लागतील. २०१३ मध्ये राज्यसभेच्या कोश्यारी समितीने सुचवलेल्या ३,००० साठी याच पद्धतीने कमाल १८,७२० कोटी. अनेकांना आज हजाराहून जास्त मिळते, त्यामुळे खरा आकडा याहून खाली येईल. किती खाली, हे सांगायला पेन्शनचे रकमेनुसार गट हवेत, आणि ते सरकारकडे आहेत.

तुटीबद्दल सरकारचे संसदेतले उत्तर ठरलेले असते: ३१ मार्च २०१९ च्या मूल्यांकनानुसार फंडात तूट आहे, म्हणून वाढ परवडत नाही. पण तूट आहे हे मदत नाकारण्याचे कारण कसे होऊ शकते? अमेरिकेत तीच तूट मदत देण्याचे कारण ठरली. आणि हे पैसे चालू कामगारांच्या वर्गणीतून काढू नयेत. गोकुळ शिरगावला आज वयाच्या बाविसाव्या वर्षी लागलेल्या पोराच्या पेन्शनमधून त्याच्या आजोबांची पेन्शन द्यायची, तर चाळीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहील. तूट भरायला एकरकमी पैसा, वेगळे खाते, किती वर्षांपर्यंत पुरेल याचे जाहीर गणित. आणि किमान पेन्शनसाठी दरवर्षीची स्वतंत्र तरतूद, अशी मागणी हवी.

हे होईल तेव्हा होईल. तोवर हक्काची आहे तीच पेन्शन आपल्याकडे अनेक जण हातची घालवतात. साखर कारखान्यातल्या हंगामी कामगारांनी एक नियम पाठ करावा: हंगामी आस्थापनेत वर्षभरात काही महिनेच काम झाले असले तरी ते पेन्शनपात्रतेसाठी पूर्ण वर्ष धरले जाते. म्हणजे वर्गणी भरलेले दहा हंगाम ही दहा वर्षे. आणि साडेनऊ वर्षांची सेवाही दहा धरली जाते. तरीही आठ-नऊ हंगामांनंतर फॉर्म १०-सी भरून पेन्शनचे पैसे काढून घेणारे बरेच असतात. पैसे काढले की ती सेवा पुसली जाते. काम सुटले आणि दहा वर्षे झाली नसतील, तर त्याच फॉर्मवर पैशांऐवजी योजना प्रमाणपत्र (स्कीम सर्टिफिकेट) मागावे. पुढच्या मालकाकडे ते दिले की जुनी सेवा जोडली जाते. कारखाना बदलताना फंड काढू नये, नव्या खात्यात वर्ग करावा.

बंद पडलेल्या कारखान्यात दोन गोष्टी अडतात: काम सोडल्याची तारीख ऑनलाइन नोंदलेली नसते, आणि आधार व फंडाच्या खात्यातले नाव किंवा जन्मतारीख जुळत नाही. मालक हयात आणि हाताशी असतानाच या दुरुस्त्या करून घ्याव्यात. मालकच नसेल तर दाव्यावर राजपत्रित अधिकारी किंवा बँक व्यवस्थापकाची साक्षांकित सही चालते. इचलकरंजीत एका पत्त्यावर तीन नावांनी माग चालतात, तिथे पासबुकात आपली सेवा कोणत्या नावाखाली पडते हे दर सहा महिन्यांनी पाहावेच.

पन्नाशीनंतर लगेच पेन्शन घेण्याची घाई करू नये. अठ्ठावन्नाला जितकी वर्षे कमी, तितक्या वर्षांचे ४ टक्के कापले जातात आणि ती कपात मरेपर्यंत राहते. पन्नासाव्या वर्षी घेतली तर पाव हिश्शाहून जास्त पेन्शन जाते. उलट साठपर्यंत थांबले तर दरवर्षी ४ टक्के वाढते. हयातीचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो, नोव्हेंबरचीच वाट पाहायची गरज नाही. जानेवारी २०२५ पासून पेन्शन कोणत्याही बँकेत घेता येते, गाव बदलले तरी कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात पाठवावे लागत नाहीत. पेन्शनधारक वारला तर घरच्यांनी लगेच कळवावे. विधवेला निम्मी पेन्शन आणि पंचवीस वर्षांखालच्या दोन मुलांना प्रत्येकी विधवेच्या पेन्शनचा पाव हिस्सा मिळतो, तो उशिरा मागितल्याने घर अडते, आणि न कळवता उचललेली रक्कम पुढे वसूल होते.

कोल्हापूर आणि हातकणंगले या दोन्ही मतदारसंघांच्या खासदारांनी लोकसभेत तीन प्रश्न लेखी विचारावेत, अशी आमची विनंती आहे. २०१९ नंतरच्या प्रत्येक वर्षाच्या मूल्यांकनात तूट किती निघाली आणि ते अहवाल जाहीर का होत नाहीत? १,०००, २,०००, ३,००० आणि त्यापुढच्या गटांत प्रत्येकी किती पेन्शनधारक आहेत? आणि १९९५ पूर्वीच्या सेवेचे ते ८० ते १७० रुपयांचे कोष्टक बदलायला नेमका किती खर्च येईल? या तिसऱ्या प्रश्नाची मुदत सर्वांत कमी आहे. उमेदीची वर्षे त्या कोष्टकात गेलेले अनेक कामगार आता पंच्याहत्तरीच्या आसपास किंवा पुढे आहेत.

आपले,
फंड व पेन्शनच्या कागदपत्रांत मदत करणारे काही निवृत्त कर्मचारी,
कोल्हापूर