खडीन पाहायला या

जोधपूर

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, "रेती पाहायले एवढ्या दूर कायले यायचं? वर्धा नदीत का कमी हाये?" असं म्हणून तुम्ही फोन ठेवला. म्हणून हे पत्र. पत्र मधेच ठेवता येत नाही.

रेतीच्या टेकड्या जैसलमेरच्या पुढे, सम गावाजवळ. संध्याकाळी तिथे उंटांची अन् जीपगाड्यांची जत्राच असते. अर्ध्या तासात मन भरतं. तुम्हाला न्यायचंय ते खडीन, म्हणजे पावसाचं पाणी अडवून पिकवलेलं शेत, दाखवायला. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांबच लांब बांध घालतात. तिथे वर्षाचा पाऊस 200 मिलिमीटरही धड पडत नाही. आपल्या वरोऱ्याकडे त्याच्या पाचपट तरी असेल. पण वरच्या खडकाळ माळाचं सगळं पाणी वाहत येऊन बांधाला अडतं, गाळ बसतो, जास्तीचं सांडव्यावरून जातं, बाकीचं मुरतं. पाणी ओसरलं की त्याच ओलीवर गहू-हरभरा पेरायचा. विहीर नाही, मोटार नाही. पालीवाल ब्राह्मणांनी ही रीत बसवली, 15 व्या शतकापासून चालू आहे. आपण धुऱ्यासाठी भांडतो, अन् पाणी खुशाल नाल्याला जातं!

त्याच पालीवालांचं कुलधरा गाव 19 व्या शतकाच्या सुरुवातीपासून ओस आहे. सरळ गल्ल्या, बिनछपराच्या भिंती. कोणी जैसलमेरच्या दिवाण सालिमसिंगाच्या जुलमाची गोष्ट सांगतं, कोणी पाणी आटल्याची. मला पाण्याचीच पटते. भुताच्याही गोष्टी आहेत, पण त्या आईला सांगू नका.

आई, जैसलमेरचा किल्ला तुझ्यासाठी. 1156 मध्ये रावल जैसलनं वसवला, सगळा पिवळ्या दगडाचा. आत अजून लोक राहतात, दारात धुणी वाळत असतात. जैन मंदिरांतलं कोरीवकाम पाहत तू तासभर हलणार नाहीस. चढ आहे, पण बसत-बसत जाऊ. अन् केर-सांगरीची भाजी खा. केर म्हणजे एका काटेरी झुडपाची फळं, सांगरी म्हणजे आपल्या शमीच्या शेंगा, वाळवून ठेवलेल्या. शमीला इकडे खेजडी म्हणतात. तेल जरा जास्तच घालतात.

बाबा, तुम्ही वरोऱ्याकडच्या ज्या माळढोक पक्ष्याच्या गोष्टी सांगता, त्याला इकडे गोडावण म्हणतात. जैसलमेरकडच्या माळांवर थोडेच उरलेत. विजेच्या तारांना धडकून मरतात. दिसेलच असं नाही, तरी पहाटे उठून जाऊ.

उन्हाळ्यात नको. चंद्रपूरचं ऊन सोसणाऱ्यांना त्याचं नवल नाही, पण तेव्हा खडीन कोरडं असतं. तुरी निघाल्या की जानेवारीअखेर या, गहू हिरवा असेल. रात्री कडाक्याची थंडी पडते, स्वेटर-मफलर घ्या. बैलांचं तेवढं दादाला विचारून ठेवा. तो हो म्हणाला की तिकिटं काढते.

तुमची,
मीना